बोलीला काम पाहिजे

(अंबाडी, ता. भिवंडी, जि. ठाणे येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ही व्याख्यानमाला एका प्राथमिक शिक्षकांच्या नावानं चालते. म्हणून विषय निवडताना मी ठरवलं, की पहिलीच्या वर्गाशी ज्याचा संबंध पोचतो असाच विषय घ्यायचा. आपल्या घरात जे बोललं जातं ते नातवंडांच्या तोंडी राहतं कशामुळे आणि जातं कशामुळे, हा तो विषय. पत्रिकेत संयोजकांनी 'स्थलांतरितांच्या बोली' असं जरा भारदस्त नाव छापलंय. तेही बरोबर आहे, कारण उत्तर शोधायला मी तुम्हाला बराच लांबचा फेरा मारायला लावणार आहे. इराण, तुर्कस्तान, तंजावर, मॉरिशस, इस्रायल. शेवटी मात्र अंबाडी नाक्यावर आणून सोडीन, काळजी करू नका.

इतक्या लांब जायचं कशाला, असं कुणी विचारील. गावातच राहिलेली बोली कशामुळे टिकली हे सांगणं अवघड असतं, कारण तिला सगळीकडून टेकू असतात. शेजार, बाजार, देऊळ, नाती, सगळं एकाच भाषेत. माणसं गाव सोडून परमुलखात गेली की हे टेकू एकेक करून निघतात. मग कळतं, वजन नेमकं कुठल्या टेकूवर होतं. भाषा टिकवायची म्हटलं की आपण तीन गोष्टींची नावं घेतो: लिपी, शाळा आणि अभिमान. या तिन्ही गोष्टी वजन किती पेलतात, ते परमुलखात गेलेल्या बोलींकडून ऐकू या.

पहिली गोष्ट जॉर्जियन लोकांची. जॉर्जिया हा कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेचा छोटा देश, पश्चिमेला काळा समुद्र. भाषा स्वतंत्र, लिपी स्वतंत्र. ही भाषा ना मराठी-फारसीच्या कुळातली, ना तुर्कीच्या. इराणच्या शाह अब्बासनं १६१४ ते १६१७ या काळात या देशाच्या पूर्वेकडच्या काखेती प्रांतावर स्वाऱ्या केल्या, आणि हजारो कुटुंबं उचलून इराणात नेऊन वसवली. काहींना कास्पियन समुद्राच्या काठी माझंदरानात ठेवलं, तर काहींना इस्फहानच्या पश्चिमेला फेरेदान नावाच्या डोंगराळ भागात. माझंदरानात गेलेल्यांचे वंशज आपलं मूळ सांगतात, पण भाषा त्यांच्याकडे उरली नाही. फेरेदानात मात्र फेरेदुनशहर आणि भोवतालच्या गावांत आजही जॉर्जियन बोलली जाते. चारशे वर्षांनंतर!

बरं, या लोकांकडे काय होतं? लिपी ते विसरले. शाळा नव्हती, पुढे आली ती फारसी. धर्मही बदलला: वाडवडील ख्रिस्ती होते, हे शिया मुसलमान झाले. म्हणजे प्रार्थनेच्या निमित्तानं भाषा टिकली, असंही म्हणता येत नाही. मायदेशाशी ये-जा जवळपास शून्य. १८९४ मध्ये लादो अग्नियाश्विली नावाचे जॉर्जियन लेखक तिथं पोचले आणि १८९६ साली त्यांनी त्यावर पुस्तक काढलं, तेव्हा कुठे मायदेशातल्या वाचकांना या दुरावलेल्या भावकीची नीट ओळख झाली.

राजा एक, स्वारी एक, भाषा एक. तरी इथं राहिली आणि तिथं गेली, हे कसं? फेरेदानातली माणसं गावंच्या गावं मिळून वसली. फेरेदुनशहर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर आहे, हिवाळा बर्फाचा. शेती आणि गुरं हा धंदा, आणि तो शेजाऱ्याच्या मदतीशिवाय होत नाही. शेजारी आपलाच. सोयरीकही बहुतेक आपसातच. खेळायला गेल्यावर पोराच्या कानावर जे पडायचं तेच घरात होतं. औतामागे, गोठ्यात, चुलीपाशी दिवसभराची जी कामं होती, त्यातल्या कुठल्याच कामाला फारसी लागत नव्हती.

आता दुसरं टोक बघा. शाह अब्बासचा सेनापती अल्लाहवर्दी खान हाही मूळचा जॉर्जियन. इस्फहानमधला तेहतीस कमानींचा प्रसिद्ध पूल त्याच्याच देखरेखीखाली झाला. त्याचा मुलगा इमाम कुली खान यानं १६२२ मध्ये इंग्रजांच्या मदतीनं पोर्तुगीजांकडून होर्मुझ घेतलं. हे तेच पोर्तुगीज, ज्यांचा उत्तर प्रांताचा कारभार तेव्हा इथून जवळच्या वसईच्या किल्ल्यातून चालत होता. म्हणजे ही माणसं आपल्या इतिहासाच्या अगदी कडेनं गेलेली आहेत. पण दरबारात वर चढायचं तर तिथली भाषा आणि तिथले रिवाज घ्यावे लागत. जॉर्जियन बोली पुढे नेली ती फेरेदानच्या शेतकऱ्यांनी. ज्यांना ती सोडून मिळवण्यासारखं काही नव्हतं, त्यांनी.

तुर्कस्तानातली जॉर्जियन बोली हीच गोष्ट उलटीकडून सांगते. १८७७-७८ च्या रशिया-तुर्की युद्धानंतर बातुमीचा मुलूख रशियाकडे गेला, आणि तिथले मुसलमान जॉर्जियन मोठ्या संख्येनं तुर्की मुलखात निघून गेले. काळ्या समुद्राच्या काठी ओर्दू, सामसुन, शिवाय बुर्साकडच्या रानातल्या गावांत ते वसले. गावात होते तोवर बोली होती. नंतर शाळा तुर्की, लष्करातली नोकरी तुर्की, १९३४ च्या कायद्यानं आडनावंही तुर्की झाली, आणि पोरं कामाला इस्तंबूल-बुर्सासारख्या शहरांत गेली. तिथं शेजारी कुणीही असे. अहमेत ओझकान या त्यांच्यातल्या कार्यकर्त्यानं १९६८ मध्ये जॉर्जियावर पुस्तक लिहिलं, १९७७ मध्ये स्टॉकहोमहून निघू लागलेलं 'च्वेनेबुरी' हे नियतकालिक तुर्कस्तानात पोचवलं. १९८० साली बुर्सात त्याचा खून झाला. अभिमान म्हणाल तर यापेक्षा मोठा कुठला असणार? माणसानं जीव दिला. त्यातून समाजाला स्वतःची ओळख मिळाली, ही लहान गोष्ट नाही. पण शहरातल्या जिन्यावर खेळणाऱ्या पोराच्या तोंडात आजीची बोली घालणं नियतकालिकाच्या हातात नव्हतं.

आता आपल्या माणसांकडे वळू. मराठी माणूस परमुलखात गेला त्याच्या निदान तीन वाटा आहेत: तलवार घेऊन तंजावरला, करारावर मजूर म्हणून मॉरिशसला, आणि धर्माच्या ओढीनं इस्रायलला. तिन्ही ठिकाणी मराठीचं वेगवेगळं झालं.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं. तिथलं भोसले घराणं १८५५ पर्यंत चाललं, म्हणजे जवळजवळ एकशे ऐंशी वर्षं. कावेरीच्या काठी, तमिळ मुलखात, तेलुगू भाषेचा मोठा मान असलेल्या दरबारात मराठी बसली. व्यंकोजींचे पुत्र शाहजीराजे यांनी मराठीत नाटकं लिहिली, समर्थ संप्रदायाचे मठ उभे राहिले, मराठी कीर्तनाचा धागा तमिळ हरिकथेत विणला गेला. सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. तिथं मोडी कागदांचे ढीग आहेत. १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर कोरला गेला. एखाद्या भाषेला यापेक्षा भक्कम आसरा काय देणार? राज्य, ग्रंथालय, दगड.

१८५५ नंतर राज्य गेलं. मोडी वाचणारे हळूहळू संपले. त्या शिलालेखासमोरून रोज हजारो माणसं जातात, वाचणारी किती? पण तंजावरी मराठी संपली नाही. कुंभकोणम, तंजावर, तिरुचिरापल्लीच्या घरांत ती पिढ्यान् पिढ्या बोलली गेली. तिच्या वाक्यांवर तमिळचा ठसा आहे, शब्दांतही तमिळ आहे. आपल्या कानाला ती कधी फार जुनी वाटते, कधी फार परकी. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव याच समाजातले. घराबाहेर तमिळ, कचेरीत इंग्रजी, पूजेला संस्कृत, आणि घरात मराठी, अशी कामांची वाटणी झाली होती. सोयरीक आपल्यातच, सोवळं कडक. स्वयंपाकघरात जो कारभार चाले तो सगळा मराठीत. सुनेला ती भाषा आल्याशिवाय घरात वावरताच येत नसे.

यात एक गोष्ट अडचणीची आहे आणि ती झाकून ठेवू नये. फेरेदानात काय, तंजावरात काय, बोली टिकली ती काही अंशी दारं बंद होती म्हणून. लग्न आपसातच, बायकांचं जग घरापुरतं, जातीची कुंपणं उंच. ती दारं उघडली, मुली शिकल्या, तमिळ घरांत लग्नं झाली, कुटुंबं चेन्नई-बंगळूरला आणि पुढे परदेशी गेली; तेव्हापासून तंजावरी मराठी झपाट्यानं पातळ होत चालली आहे. दारं उघडली याचं मला दुःख नाही. कुणाला कोंडून ठेवून भाषा वाचवायची असेल तर ती वाचवू नये. पण मग उघड्या दाराच्या घरात बोली कशी राहील, याचा विचार आपल्याला करावा लागतो. मॉरिशस आणि इस्रायलचे दाखले इथं कामाला येतात.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली तशी मॉरिशसच्या ऊसमळ्यांना मजुरांची टंचाई पडली. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर जाऊ लागले. पोर्ट लुईच्या धक्क्यावर, ज्याला आज आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून जो जागतिक वारसास्थळ आहे, जवळजवळ साडेचार लाख माणसं उतरली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली. तमिळ, तेलुगूही होती. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातलेही, आणि घाटावरचे मराठी लोक होते. एकंदरीत संख्या लहान. त्यांच्या तोंडी पुस्तकी मराठी नव्हती, कोकणातल्या वाडीवस्तीची बोली होती.

मळ्यावर राहायची जागा मालक ठरवी. शेजारच्या खोलीत भोजपुरी, पलीकडे तमिळ, मुकादम क्रिओल बोलणारा. क्रिओल म्हणजे फ्रेंच मळेवाले आणि आफ्रिकी गुलाम यांच्या व्यवहारातून तयार झालेली तिथली बोली. हाजरी, पगार, भांडण, उधारी, सगळं तिच्यात. नोंदवहीत कारकुनानं ज्याचं जे नाव ऐकलं तसं लिहिलं, आणि कित्येकांच्या आजोबांचं पहिलं नावच घराण्याचं आडनाव होऊन बसलं. फेरेदानात जे मिळालं ते इथं मिळालं नाही: सलग वस्ती आणि आपल्या भाषेत होणारं काम. व्हाकवा, कास्काव्हेल अशा भागांत मराठी माणसं जास्त एकवटली, तिथं रीतिरिवाज जास्त टिकले. पण पोरं मोठी झाली ती क्रिओल बोलत.

पुढे काय झालं बघा. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला. तिथल्या सरकारनं वाडवडिलांच्या भाषांना मान दिला. मराठी प्राथमिक शाळेत शिकवली जाते, तिच्या परीक्षा होतात, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत तिचं वरचं शिक्षण मिळतं. मराठी मंडळ्या आहेत, त्यांचा महासंघ आहे. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. सुट्टी, शाळा, अभिमान, यात कशाचीच कमतरता नाही. तरीही मॉरिशसमधल्या बहुतेक मराठी घरांत जेवताना बोलली जाते ती क्रिओल.

या कामाला कमी लेखू नका. त्या शाळांनी आणि शिक्षकांनी चार-पाच पिढ्यांनंतरही माणसांना मराठी वाचता येईल अशी सोय केली, हे मोठं काम आहे. पण शाळेनं जी वाचवली ती पुण्या-मुंबईच्या पुस्तकातली प्रमाण मराठी. पणजोबांची कोकणी वळणाची बोली शाळेत शिरलीच नाही. ती थोडीफार राहिली कुठे? झाकरीत. आपल्या कोकणातली जाखडी तिथं झाकरी म्हणून नाचतात. गोंधळात राहिली, लग्नातल्या आणि देवाच्या गाण्यांत राहिली. तालाला आणि विधीला ते शब्द लागतात, म्हणून राहिली. कधीकधी म्हणणाऱ्याला अर्थ पुरता ठाऊक नसतो, तरी शब्द बदलता येत नाही. हे लक्षात ठेवा, पुन्हा लागेल.

तिसरी वाट बेने इस्रायलांची. ही तर आपल्या शेजारची माणसं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर, तळकर. ठाण्याचं सिनेगॉग १८७९ चं आहे. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं. घरची भाषा मराठी. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. १८८० च्या सुमारास त्यांनी मराठी कीर्तनाचा साचा घेऊन मोशे, एस्तेर, दावीद यांच्या कथा लावायला सुरुवात केली. म्हणजे मराठी ही त्यांच्या धर्माचीही भाषा झाली.

१९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येनं इस्रायलला गेला. तिथं बेअर शेवा, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत वसला. सुरुवात सोपी नव्हती. त्यांच्या यहुदीपणाबद्दलच शंका घेतली गेली, लग्नांवर अटी घातल्या गेल्या. मोठं आंदोलन झालं आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं ते पूर्ण यहुदी असल्याचं ठणकावून सांगितलं. अशा स्थितीत मुलांनी हिब्रू पटकन उचलली यात नवल काय? देश हिब्रूवरच उभा राहत होता. शाळा हिब्रू, लष्कर हिब्रू, वर्गातली पोरं मोरोक्को-इराक-रुमानियाची, त्यांच्याशी बोलायचं ते हिब्रूत. दोन पिढ्यांत घरातली मराठी नातवंडांपर्यंत पोचेनाशी झाली.

तरी ती निघून गेली नाही, ठरावीक जागी जाऊन बसली. मलिद्याच्या विधीला एलियाहू हानाबी या प्रेषिताचं नाव घेताना, हळदीच्या गाण्यांत, कीर्तनात, म्हाताऱ्यांच्या गप्पांत. 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक तिथून निघत आलं. मॉरिशससारखंच इथंही दिसतं: घरातल्या रोजच्या बोलण्यातून भाषा हटली की ती विधी, गाणी आणि नियतकालिकं यांत उरते. तिथं ती पुष्कळ वर्षं राहते. पण विधीत उरलेल्या भाषेत भाजीचा भाव करता येत नाही.

या सगळ्यातून मी जे शिकलो ते एका वाक्यात सांगतो: बोली प्रेमानं जगत नाही, कामानं जगते. जोवर एखादं काम तिच्याशिवाय होत नाही, तोवर ती पुढच्या पिढीत जाते. सगळी कामं दुसरी भाषा करू लागली, की तिच्या नावाचा अभिमान वाढतो आणि बोलणारे घटतात. फेरेदानच्या शेतकऱ्यानं आपल्या बोलीबद्दल कधी भाषण केलं नसेल. त्याला त्याची गरजच पडली नाही.

आता आपल्या तालुक्यात येऊ. परमुलखात जाऊन बोली जपणं म्हणजे काय, हे भिवंडीइतकं जवळून कुठे दिसणार? पद्मानगरात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू आहे. उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांच्या घरांत पूर्वेकडच्या हिंदीची वळणं आहेत. कोकणी मुसलमानांच्या घरांत मराठीचीच एक जुनी बोली आहे, जी ऐकून बाहेरच्याला आश्चर्य वाटतं. मागाच्या खडखडाटात हे सगळं शेजारी शेजारी चाललंय. यातल्या प्रत्येकाला वस्ती मिळाली, धंदा मिळाला, आपल्यातली लग्नं मिळाली. बोली राहिली ती त्यामुळे. आणि इथंही आता मुलं कॉन्व्हेंटात जातात, म्हणजे तोच प्रश्न पुढच्या पिढीत उभा राहणार.

पण मला जास्त काळजी आहे ती कुठेच न गेलेल्यांची. वारली, मल्हार कोळी, कातकरी, कुणबी, आगरी, हे लोक इथलेच. त्यांनी समुद्र ओलांडला नाही, तानसा नदीदेखील ओलांडली नसेल. १९०५ साली ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीचा मराठीवरचा खंड निघाला, त्यात या ठाणे जिल्ह्याच्या बोलींचे नमुने छापलेले आहेत. २०१३ मध्ये गणेश देवींच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड आला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं मराठी बोलींचं ध्वनिमुद्रणासह सर्वेक्षण केलं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला. नोंद आहे, मान आहे. पण आज या बोलींची कामं मोजली तर मॉरिशसमधल्या मळ्याचीच आठवण होते. शाळा प्रमाण मराठीत किंवा सेमी-इंग्रजीत. गोदामातला सुपरवायझर हिंदीत बोलतो. तलाठ्याचा कागद वेगळ्याच मराठीत. मोबाइल हिंदीत. म्हणजे गाव न सोडताच ही बोली परमुलखात गेली आहे.

आगरी पोराचं उदाहरण घ्या. घरी तो 'ळ' च्या जागी 'ल' म्हणतो, 'घोडा' ला 'घोरा' म्हणतो. त्यात चूक काहीच नाही, त्याच्या बोलीचा तो नियमच आहे आणि तो नियम पिढ्यान् पिढ्या नीट पाळला गेलाय. वर्गात तो उठून बोलला की पोरं हसतात. बाई किंवा सर नुसतं दुरुस्त करून पुढे गेले, तरी पोर एक गोष्ट शिकतं: हे तोंड शाळेत उघडायचं नाही. वारली पोराचं तर याहून अवघड. बोलीतला फरक आणखी मोठा आणि हसणाऱ्यांची संख्या जास्त. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, जिथं शक्य आहे तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं. कागदावर हे छान आहे. 'जिथं शक्य आहे' याचा अर्थ कोण लावतो, यावर सगळं आहे.

कुणी म्हणेल, आगरी बोलीचं तर बरं चाललंय. हळदीत आगरी गाणी, यूट्यूबवर आगरी-कोळी गाणी, रील, विनोदी नाटकं. खरंय, आणि मला त्याचा आनंद आहे. बाजारात मागणी असणं हेही कामच. पण हे काम कुठलं आहे ते बघा. नाचवणं आणि हसवणं. बोलीला फक्त हसवायचं काम दिलं, की ऐकणारा ती ऐकायच्या आधीच हसायला लागतो. मग त्या बोलीत कुणी गंभीर बोलू लागला तरी लोक थट्टाच समजतात. बोलीचा मान वाढवायचा तर तिला रडायचं, भांडायचं, हिशेब मागायचं कामही द्यावं लागतं.

आणि वारली चित्रांचं बघा. लग्नघरी सवाशिणी भिंतीवर चौक काढतात, त्यात पालघट देवी. लग्न लावते धवलेरी, आणि ती गाऊन लावते. त्या चौकाचा अर्थ तिच्या गाण्यात आहे. गेल्या पन्नास वर्षांत ही चित्रं जगभर गेली. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज वारली चित्र साडीवर आहे, हॉटेलच्या भिंतीवर आहे, सरकारी पुलाच्या खांबावर आहे. पण चित्र गेलं ते एकटंच गेलं. धवलेरीची बोली त्याच्याबरोबर गेली नाही, कारण चित्र विकत घेणाऱ्याला तिची गरज पडली नाही. आगरी लग्नातल्या धवलारणीचंही तसंच. तिच्या ओव्या ज्या जागी म्हटल्या जायच्या, ती जागा पुष्कळ ठिकाणी स्पीकरनं घेतली. ज्या विधीला बोली लागायचीच, मघाशी मी लक्षात ठेवा म्हटलं तो विधी, तोही आता तिच्यावाचून होऊ लागला.

तरुण मुलं मला विचारतात, की जाऊ द्या ना, नोकरी कुठे मिळते या बोलीनं? प्रश्न रास्त आहे आणि पोट भरण्याची निकड असलेल्याला भाषेचा उपदेश करण्याइतका मी निर्दय नाही. माझं म्हणणं इतकंच, की दोन्ही भाषा येणं हे ओझं नाही. तंजावरच्या माधवरावांनी घरात एक, दरबारात दुसरी, टपालात तिसरी भाषा चालवली आणि संस्थानं सांभाळली. आपल्या पोराला प्रमाण मराठी यावी, इंग्रजी यावी, ती चांगली यावी. त्यासाठी आजीची बोली तोडायची गरज नाही. उलट आजीजवळ जे आहे ते दुसऱ्या भाषेत सापडणार नाही: कुठल्या रानभाजीचा कुठला देठ काढायचा, कुठल्या शेताला काय नाव, पाऊस कुठल्या बाजूनं आला की काय करायचं. ही माहिती त्या बोलीतच साठवलेली आहे, आणि तिचं भाषांतर अजून कुणी केलेलं नाही.

म्हणून मी तुमच्यापुढे संग्रहालयाची योजना मांडत नाही. बोलीला काम द्या, एवढंच सांगतो. शिक्षकांना विनंती: पहिली-दुसरीत पोरानं बोलीत दिलेलं बरोबर उत्तर बरोबर धरा, मग प्रमाण शब्द शेजारी ठेवा. ग्रामसभेत ज्याला जसं येतं तसं बोलू द्या. इतिवृत्त हवं त्या मराठीत लिहा. आरोग्य केंद्रात गरोदर बाईला काय खायचं, कधी यायचं, हे तिच्या बोलीत सांगणारी आशाताई गावात आहेच. तिच्या त्या कामाला कौशल्य म्हणा. धवलेरीला आणि धवलारणीला लग्नात बोलवा, मान द्या आणि बिदागी द्या. डीजेला जे पैसे मोजता त्यातला थोडा वाटा. त्यांचं गाणं मोबाइलवर घ्या, पण त्यांच्या परवानगीनं आणि त्यांच्या नावानं. रील करणाऱ्या पोरांनो, दहा विनोदी रीलांमागे एक हिशेबाची करा: जमिनीचा मोबदला, वीजबिल, नळाचं पाणी. बघा, लोक ऐकतात की नाही.

शेवटचं मागणं संयोजकांकडे आहे. या व्यासपीठावरून वर्षानुवर्षं प्रमाण मराठीत व्याख्यानं झाली, आजचंही तसंच झालं. पुढच्या वर्षी एक व्याख्यान पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वारलीत ठेवा, त्याच्या पुढच्या वर्षी आगरीत. प्रश्नोत्तरं त्याच बोलीत. अट एकच: विषय 'आमची बोली' हा नको. विषय वनजमिनीच्या दाव्यांचा असावा, महामार्गाच्या भूसंपादनाचा असावा, बचतगटाच्या कर्जाचा असावा. समोर बसलेल्यांना समजून घ्यायला थोडे कष्ट पडले तर पडू द्या. वारली माणूस इतकी वर्षं आपली व्याख्यानं समजून घेण्याचे कष्ट घेतोच आहे. व्याख्याता शोधायला पुण्या-मुंबईला जावं लागणार नाही, याच सभेत दोन-तीन जण बसलेले मला दिसताहेत. त्यांना आजच सांगून ठेवा, म्हणजे तयारीला वर्ष मिळेल.